गर्भपिशवीची 'सूज' की 'वाढ'?

प्रश्न : मावशीच्या बायॉप्सीच्या रिपोर्टमध्ये 'एंडोमेट्रियल हायपरप्लेसिया, एटिपिया नाही' असं आलंय. घरात सगळे 'पिशवीला सूज आहे' म्हणतायत. मराठीत नेमकं काय म्हणावं?

प्रतिसाद : 'सूज' नक्कीच नको. सूज म्हटलं की माणसं ती उतरवायची गोळी मागतात. इथे पिशवीच्या आतल्या अस्तरातल्या पेशींची संख्या वाढली आहे. 'अतिवृद्धी'ही मी टाळेन, कारण तो शब्द हायपरट्रॉफीलाही वापरतात आणि ती गोष्ट वेगळी : तिथे आहे त्याच पेशी आकाराने मोठ्या होतात. गरोदरपणात साधारण ७० ग्रॅमची पिशवी किलोभराची होते, ती मुख्यतः अशी, स्नायूपेशी लांब आणि जाड होऊन. मावशींना 'अस्तर जाड झालंय, पेशी जास्त झाल्यात' एवढं सांगा. आणि 'एटिपिया नाही' हेही आवर्जून सांगा. पेशींचं रूप बिघडलेलं नाही, ही त्या कागदावरची सर्वांत दिलाशाची ओळ आहे.

प्रतिसाद : यात 'संप्रेरक' (हार्मोन) आणि 'वृद्धिघटक' (ग्रोथ फॅक्टर, पेशींना वाढायला सांगणारं रसायन) हे शब्दही एकाच अर्थाने वापरू नयेत. इस्ट्रोजेन हे संप्रेरक, अंडाशयातून रक्तावाटे येतं. वृद्धिघटक बहुधा जागच्या जागी तयार होतात आणि शेजारच्या पेशींवर काम करतात. उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं की इस्ट्रोजेनचा निरोप आधी अस्तराखालच्या आधारपेशी घेतात; मग त्या आयजीएफ-१ सारखे वृद्धिघटक सोडतात आणि वरच्या पेशी विभागू लागतात. प्रोजेस्टेरॉनही याच आधारपेशींमार्फत ही वाढ थांबवतं. बीज सुटलं नाही तर प्रोजेस्टेरॉन पुरेसं तयार होत नाही, इस्ट्रोजेनचं काम मात्र चालूच राहतं. म्हणून पीसीओएसमध्ये (अंडाशयाच्या या विकारात बीज अनेकदा सुटत नाही) अस्तर जाड होण्याचा धोका असतो आणि उपचारात प्रोजेस्टेरॉनसारख्या संप्रेरकाच्या गोळ्या किंवा तसं संप्रेरक सोडणारी, पिशवीत बसवायची 'कॉइल' देतात. ती कॉपर टी नव्हे, तांब्याच्या कॉइलने हे काम होत नाही.

प्रश्न : मग फायब्रॉइडलाही 'अस्तराची वाढ' म्हणता येईल?

प्रतिसाद : नाही. फायब्रॉइड स्नायूच्या थरातली गाठ, तिला 'गाठ'च म्हणा. तिथे प्रोजेस्टेरॉन उलट वाढीला हातभार लावतं. टीजीएफ-बीटा या वृद्धिघटकामुळे तंतूंची भर पडत जाते, त्यामुळे ती हाताला टणक लागते. पाळी कायमची गेल्यावर दोन्ही संप्रेरकं घटतात आणि गाठी सहसा आक्रसतात.