संशोधनाचा पुरावा आपल्या रुग्णाला कितपत लागू? (डेक्सामेथासोनच्या निमित्ताने)

पळसपान (वैद्यकीय अधिकारी, गडचिरोली जिल्हा)

मागच्या आठवड्यात एका प्रशिक्षणात वरिष्ठांनी सांगितले की यादृच्छिक चाचण्यांतून (म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारखे गट पाडून केलेल्या तुलनेतून) जे सिद्ध झाले आहे, त्यावर खेड्यातल्या डॉक्टरने शंका घेण्याचे कारण नाही. मला हे मान्य नाही. दिवस भरण्याआधी कळा सुरू झालेल्या स्त्रीला स्टिरॉइडचे इंजेक्शन दिल्यास बाळाची फुप्फुसे लवकर पक्व होतात, हे १९७२ मध्ये न्यूझीलंडमधील चाचणीने दाखवले आणि पुढे अनेक रुग्णालयांतून त्याला दुजोरा मिळत गेला. याच बळावर २०१४ मध्ये आपल्या सरकारने एएनएमलाही (उपकेंद्रातल्या परिचारिकेलाही) रुग्ण पुढे पाठवण्यापूर्वी डेक्सामेथासोन या स्टिरॉइडचा पहिला डोस देण्याची मुभा दिली. त्याच वर्षी सहा देशांतील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. त्यात नागपूरभोवतालची खेडीही होती. जिथे हे इंजेक्शन गावपातळीपर्यंत पोहोचवले गेले, तिथे हजार जिवंत जन्मांमागे २७.४ नवजात दगावले. जिथे नेहमीचीच सेवा चालू होती, तिथे २३.९. ज्या कमी वजनाच्या बाळांसाठी हा खटाटोप होता, त्यांच्या मृत्यूंत लक्षणीय फरक पडला नाही.

औषध त्याच प्रकारचे होते. बदलले होते ते ठिकाण आणि रुग्ण. आमच्याकडे शेवटच्या पाळीची तारीख विचारली की उत्तर येते, "पोळा फुटला ना, त्याच्या आठ-दहा दिस आंधी." त्यावरून आठवडे मोजायचे, टेपने पोट मोजायचे आणि ३२ वा आठवडा की ३७ वा, हे ठरवायचे. अशा ठिकाणी पूर्ण दिवसांच्या कित्येक बाळांना विनाकारण स्टिरॉइड मिळणार, हे कोणत्याही परिचारिकेने आधीच सांगितले असते; तिला कोणी विचारले नाही.

वर्धाकाठ (बालरोगतज्ज्ञ)

डॉक्टरसाहेब, आपले उदाहरण आपल्याच विरोधात जाते. हजारामागे साडेतीन मृत्यू अधिक म्हणजे वर्षाला तीनशे बाळंतपणे होणाऱ्या केंद्रात वर्षाकाठी जेमतेम एक. तो मृत्यू आपण कशावर घातला असता? नशिबावर, उशिरा आलेल्या गाडीवर, फार तर आईच्या अशक्तपणावर. जवळपास लाखभर जन्मांची मोजदाद आणि चिठ्ठी टाकल्यासारखी झालेली गावांची वाटणी नसती, तर ही हानी कुणाच्याही अनुभवाला दिसली नसती. म्हणजे चूक पकडली ती यादृच्छिक चाचणीनेच.

शिवाय 'आमचा भाग वेगळा आहे' या वाक्याची मला धास्ती वाटते. याच वाक्याच्या आडोशाने आपल्याकडे साध्या तापाला सलाईन लागते, कारण "बाटली लावल्याबिगर बरं वाटत नाही." पुरावा किती भरवशाचा हे ठरवणाऱ्या 'ग्रेड' पद्धतीत यादृच्छिक चाचणी वरच्या पायरीवर सुरू होते, पण अभ्यासातला रुग्ण आपल्या रुग्णाहून वेगळा असेल तर तिची पायरी उतरवावी लागते. आपला आक्षेप त्या पद्धतीत आधीपासूनच आहे. वरिष्ठांनी अर्धीच पद्धत सांगितली आणि आपण त्या अर्ध्यावरच भांडता आहात.

पळसपान

सर, हानी चाचणीने पकडली, हे मान्य. पण मुभा देणाऱ्यांना ही पायरी उतरवण्याची आठवण आधी का झाली नाही? दुसरे उदाहरण घ्या. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने आमच्याच जिल्ह्यात ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली आणि ४७ गावांशी तुलना केली. तेव्हा गावांची वाटणी यादृच्छिक नव्हती. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी झालेला दिसला. पायऱ्याच मोजत बसलो असतो तर हे काम बाजूला पडले असते.

वर्धाकाठ

पडले नसते. परिणाम एवढा मोठा असेल तर यादृच्छिक नसलेल्या अभ्यासाचीही पायरी त्याच पद्धतीत चढवता येते. पण हे काम आपल्या मातीतले आहे एवढ्या कारणावरून ती चढत नाही. आणि डेक्सामेथासोनची गोष्ट २०१४ ला संपलीही नाही. २०२० मध्ये भारतासह पाच देशांतील रुग्णालयांत झालेल्या चाचणीचे निष्कर्ष आले. तिथे सोनोग्राफीने आठवडे निश्चित केले होते आणि बाळाची देखभाल करण्याची सोय होती. नवजात मृत्यू २३.५ टक्क्यांवरून १९.६ टक्क्यांवर आले. आपल्या या चर्चेच्या धाग्यावर विसंबून उद्या कोणी जिल्हा रुग्णालयातही हे इंजेक्शन थांबवले, तर त्या बाळांची जबाबदारी कोणाची?

मोहफूल (एएनएम, उपकेंद्र)

दोघाही सरांचे वाचले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये अटी घातल्या: आठवडे खात्रीने माहीत हवेत, आईला जंतुसंसर्ग नको, बाळंतपणाची आणि बाळाच्या देखभालीची सोय हवी. माझ्या उपकेंद्रात यांपैकी एकही अट मी एकटी पुरी करू शकत नाही. पहिल्या तीन महिन्यांतील सोनोग्राफीसाठी बाईला तालुक्याला जावे लागते आणि धानाच्या रोवणीत एका दिवसाची मजुरी बुडवायला घरचे तयार नसतात. तुमचा वाद पुराव्याच्या पायरीवर चालला आहे. माझ्याकडे प्रश्न तारखेचा आहे.

मी एवढेच करते की नोंदवहीत तारखेसमोर 'पोळ्यावरून' असे लिहून ठेवते. टेपचे माप आणि ती तारीख यांत महिन्याचा फरक निघाला तर इंजेक्शन भरण्याआधी डॉक्टरांना फोन करते. रेंज असली तर लागतो.