तक्रार करत नाहीत म्हणून प्राध्यापक घाबरट?

तासिकावाला
काल इथे एकांनी लिहिलं की विद्यापीठांत काय चालतं ते सगळ्यांना दिसतं पण प्राध्यापकांना पाठीचा कणाच नाही म्हणून कोणी तोंड उघडत नाही. डोकंच फिरलं वाचून. अहो मी सीएचबीवर (क्लॉक अवर बेसिस) आहे, म्हणजे तासावर पैसे, तेही कधी हातात पडतील नेम नाही, आणि दरवर्षी नव्याने मुलाखत. मुलाखतीला समोर कोण? तेच विभागप्रमुख. प्रॅक्टिकलच्या शीटवर वर्षभर न फिरकलेल्या पोराचे मार्क पेन्सिलने आधीच लिहून आलेले, मी फक्त पेनने गिरवायचे. नाही गिरवले. पुढच्या वर्षी वर्कलोड कमी झाला म्हणून बोलावलंच नाही, आणि तेच तास दुसऱ्याला दिले. आता सांगा कणा कुणाला नाही?

निवृत्त_एचओडी
तुमच्या बाबतीत वाईट झालं, पण यंत्रणाच नाही असं म्हणू नका. वाङ्मयचौर्यासाठी यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोग) 2018 चे नियम आहेत, प्रबंधात दुसऱ्याच्या लेखनाशी 60 टक्क्यांच्या वर साम्य निघालं तर पीएचडीची नोंदणी रद्द, विभागाच्या समितीने 45 दिवसांत अहवाल द्यायचा. महिलांना लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती आहे. माझ्याकडे आलेल्या बहुतेक तक्रारी निनावी होत्या, त्याही नेमक्या कुणाचं प्रमोशन तोंडावर आलं की. समोर येऊन कोणी बोलायचं नाही आणि मग यंत्रणेला शिव्या.

वऱ्हाडी_पोट्टी
सर त्याच नियमांत विभागाच्या समितीचा अध्यक्ष कोण असतो तेही सांगा ना. विभागप्रमुख! आणि पीएचडीचे गाईड न् एचओडी एकच असले तर? प्रगती अहवालावर सही त्यांची, सिनॉप्सिसवर (प्रबंधाच्या सारांशावर) त्यांची. अंतर्गत समितीकडे तक्रार साधारण 3 महिन्यांत द्यावी लागते, त्या 3 महिन्यांत पोरगी एवढाच विचार करते की आता माझी पीएचडी होईल का नाही. व्हायवाचं, म्हणजे पीएचडीच्या तोंडी परीक्षेचं, तर बोलूच नका. रेफरीचं, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकाचं, हॉटेल, गाडी, अख्ख्या डिपार्टमेंटचं जेवण, शाल-श्रीफळ, सगळं माझ्या खिशातून. मेनूसुद्धा गाईड मॅडमनी ठरवला, पनीर पाहिजे, बासुंदी पाहिजे. फेलोशिप तेव्हा कित्येक महिने आलेली नव्हती.

आनंदयात्री_सोलापूर
व्हायवाचं जेवण म्हणजे गैरप्रकार?? पाहुण्याला उपाशी पाठवायची आपल्याकडे पद्धत नाही. माझ्या व्हायवाला आई-वडील गावाहून आले होते, सगळ्यांना आग्रह करकरून वाढलं त्यांनी. त्यालाही भ्रष्टाचार म्हणणार का तुम्ही?

वऱ्हाडी_पोट्टी
दादा तुम्ही आनंदानं दिलं, मले कोणी विचारलंच नाही. नोकरीत राहून पीएचडी केली असेल तुम्ही. ज्याच्या सहीवर आपलं सगळं अडलेलं आहे त्यानं मागितलं तर तो पाहुणचार नसतो.

कोकणातला_एक
जेवणावरून काय भांडताय, मूळ दुखणं भरतीचं आहे. कायम जागा वेळेवर भरल्या असत्या तर निम्मे लोक न घाबरता बोलले असते. सेट-नेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा पास करून पोरं चाळिशीला आली तरी तासिकेवरच.

निवृत्त_एचओडी
म्हणजे सगळे गाईड हावरे? मी परगावी व्हायवाला घरचा डबा घेऊन जायचो, विद्यार्थ्याचा चहासुद्धा घेतला नाही. आयुष्यभर नेकीने काम केलं आणि आता हे ऐकून घ्यायचं?

तासिकावाला
सर तुम्ही डबा नेलात, चांगलं केलंत, पण सगळ्यांना तुमच्यासारखा गाईड मिळत नाही ना. तक्रारदारांना संरक्षण देणारा कायदा संसदेने 2014 मध्ये मंजूर केला, तो अजून लागूच केलेला नाही. माहिती अधिकारात ती मार्कांची शीट मागायची म्हटलं तरी अर्जावर नाव-पत्ता माझाच, आणि अर्ज फिरत फिरत त्याच लोकांच्या टेबलावर. समोर येऊन बोला म्हणता, मग आमचे तास कोण वाचवणार?

निवृत्त_एचओडी
बरं. तक्रार विभागप्रमुखाविरुद्ध असेल तर त्याने त्या समितीत बसू नये, एवढं मान्य. निनावी पत्रांचं मात्र अजिबात मान्य नाही. अशाच एका पत्रामुळे माझ्या सहकाऱ्याचं प्रमोशन अडलं, चौकशीत काहीही निघालं नाही, आणि लिहिणारा आजही मोकळा आहे.

आनंदयात्री_सोलापूर
आणि जेवणाचं काय ठरलं? बंदच करायचं?

वऱ्हाडी_पोट्टी
विद्यापीठानं द्यावं. प्रबंध जमा करताना फी भरून घेतात ना आमच्याकडून.