नागपूर ते शिकागो खरंच किती तास?

नमस्कार मंडळी,
आई-बाबा मे महिन्यात इकडे शिकागोजवळ येऊन राहिले, दोघंही सत्तरीच्या पुढचे न बाबांच्या गुडघ्यांचं तर विचारूच नका. एका साइटवर नागपूर-शिकागो 12,900 किलोमीटर, साडेचौदा तास असं दाखवते. दोहावरून (कतार) येणारं तिकीट पाहिलं तर सोनेगावहून (नागपूर एअरपोर्ट) पहाटे 4 ला निघून त्याच दिवशी दुपारी 3 ला पोचून राहिले, म्हणजे अकराच तास! खरं काय धरायचं? आणि भाऊ म्हणते मुंबईवरून पाठवतो, तेवढंच जवळ पडते.
– नेपरव्हिल

---

अरे दादा, साडेचौदा म्हणजे सरळ अंतराला विमानाच्या वेगानं भागलेलं, तशी थेट फ्लाइटच नाही. तिकिटावरच्या वेळा ज्या त्या गावच्या असतात, उन्हाळ्यात आपण शिकागोवाले भारताच्या साडेदहा तास मागे, ते धर म्हणजे साडेएकवीस होतात (थंडीत साडेअकरा मिळवायचे).

मुंबईचं म्हणशील तर पश्चिमेला आहे हे खरं, पण नागपूर-शिकागो सरळ रेघ जवळजवळ उत्तरेलाच निघते. मुंबईहून शिकागो 12,940 च्या आसपास, म्हणजे सातशे किलोमीटर जाऊनही जवळ काहीच येत नाही, उलट एक विमान वाढते. दिल्ली मात्र बरोब्बर रस्त्यात आहे, नागपूर-दिल्ली साडेआठशे न पुढं बारा हजार, बेरीज तेवढीच. दोहावरून 14,300 होते. आता काहून दिल्ली सोडायची?
– अरोरा

---

ताई, हिशोब एकदम बरोबर, पण कागदावरचा. पाकिस्ताननं एप्रिल 2025 मध्ये भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली तेव्हापासून दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या भारतीय कंपनीच्या विमानांना वळसा पडून राहिला, काही फ्लाइट तर मध्ये युरोपात तेल भरायला उतरवल्या. इकडे येताना वाराही समोरून असतो, म्हणून परतीपेक्षा येणं नेहमीच लांबते.

मी सध्या नागपुरातच आहे, प्रतापनगरला. सासूबाईंना दोहावरूनच पाठवलं. म्हाताऱ्या माणसाला चौदाशे किलोमीटर जास्तीचे कळत नाहीत हो, बसूनच तर जायचं असते, त्यांना कळते ते उभं राहणं. इमिग्रेशन इथंच सोनेगावला उरकते, एअरपोर्ट लहान, काही अडलं तर माणूस मराठीत सांगते, दारापर्यंत घरचे सोबत. बॅग इथं दिली ते शिकागोलाच घ्यायची. दिल्लीला तेच इमिग्रेशन अनोळखी गर्दीत, डोमेस्टिकमधून इंटरनॅशनलकडं जाताना, आणि दोन तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर बॅगा घेऊन परत चेक-इन. फक्त नागपूर-दोहा फ्लाइट कोणत्या वारी आहे ते आधी बघा, न दोहाला मध्ये निदान अडीच-तीन तास ठेवा. दीड तासाचं कनेक्शन स्वस्तात दिसते पण बाबांना झेपणार नाही.
– सध्या नागपूर

---

धन्यवाद मंडळी, दोहाचंच करतो, भावाला मुंबई कॅन्सल सांगितलं. व्हीलचेअर एअरपोर्टवर मागितली तर मिळते ना?
– नेपरव्हिल

---

मिळते, पण ताटकळत ठेवतात. बुकिंग करतानाच दोघांसाठीही टाक, आईंना लागत नसली तरी, नाहीतर बाबांची खुर्ची पुढं न त्या मागं धावत. आणि सामानात ताजी संत्री नको, शिकागोला कस्टमवाले काढून घेतात.
– सध्या नागपूर