गुडघ्याच्या रेडिएशनमुळे कातडी काळवंडली आहे, सांधा आखडतो. काळजी कशी घ्यावी?

प्रश्न (शिक्षिका, सातारा)
नमस्कार. माझ्या उजव्या गुडघ्यात पीव्हीएनएस, म्हणजे सांध्याच्या आतले अस्तर वाढून वारंवार सूज येण्याचा आणि रक्तमिश्रित पाणी साठण्याचा विकार आहे. दोन शस्त्रक्रियांनंतरही तो उलटल्यामुळे रोज २ ग्रे (ग्रे म्हणजे रेडिएशनची मात्रा मोजण्याचे एकक) याप्रमाणे एकूण ४० ग्रे रेडिएशन ठरले असून २० पैकी १४ बैठका झाल्या आहेत. आता गुडघ्यामागे आग होते, सकाळी पाय आखडलेला असतो आणि दुपारनंतर वर्गात उभे राहवत नाही. सासूबाई मायेने तेल चोळून शेकायला सांगतात. तसे करावे का? आणि कर्करोग नसताना हे सोसावे का, हा प्रश्नही मनातून जात नाही.

उत्तर (हेच उपचार घेतलेला रुग्ण)
ताई, तेल, बाम, हळदीचा लेप, गरम पाण्याची पिशवी, यांतले काहीही त्या जागी नको. अनेक जण रेडिएशनलाच ‘शेक’ म्हणतात, त्यामुळे वरून आणखी शेकले तर आराम पडेल असे घरच्यांना वाटते. पण ती कातडी आधीच होरपळलेली असते. मी कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाने धुऊन, न घासता, मऊ सुती कापडाने टिपून घेत असे आणि डॉक्टरांनी दिलेलेच मलम लावत असे. शेवटच्या बैठकीनंतरही आठ-दहा दिवस काळेपणा वाढतच गेला, तेव्हा मी फार घाबरलो होतो. तसे होऊ शकते हे आधीच कळावे, म्हणून मुद्दाम लिहितो आहे. पुढे महिनाभरात पापुद्रे निघून कातडी निवळली.

उत्तर (फिजिओथेरपिस्ट)
दुखते म्हणून गुडघ्याखाली उशी ठेवून झोपू नका. त्याने तो वाकलेल्या स्थितीतच आखडतो. पलंगावर टाच हळूहळू सरकवत गुडघा वाकवणे आणि सरळ करणे, मांडीचा स्नायू आवळून सोडणे, हे दिवसातून अनेकदा, थोडे थोडे करावे. उती कडक होण्याची प्रक्रिया उपचारांनंतर कित्येक महिने चालू राहू शकते, म्हणून रेडिएशन संपले तरी व्यायाम थांबवू नये. शाळेत काही तास बसून शिकवण्याची परवानगी अवश्य मागा.

उत्तर (रेडिएशन विभागातील डॉक्टर)
शस्त्रक्रियेनंतर पुन्हा वाढणाऱ्या अस्तराला आवर घालण्यासाठी, कर्करोग नसतानाही, हे उपचार दिले जातात. पुढे अनेक वर्षांनी त्याच जागी नवा कर्करोग होण्याची शक्यता अल्प असली तरी शून्य नसते. तुमच्या वयाच्या संदर्भात हा प्रश्न आपल्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा, पण स्वतःहून बैठका चुकवू नका. रेडिएशनची जागा दाखवण्यासाठी कातडीवर आखलेल्या खुणा पुसू नका. फोड येऊन पाणी वाहू लागले, ताप आला किंवा पोटरी सुजून दुखू लागली, तर पुढच्या बैठकीची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवा.