मदत हवी आहे: जुन्या बिल्डिंगच्या दाराला शोभेल असा इंटरकॉम (नौपाडा, ठाणे)

ओसरी

आमची सोसायटी नौपाड्यात, घंटाळीच्या बाजूला. तळमजला अधिक तीन, बारा बिऱ्हाडं, बांधकाम १९६४चं. रीडेव्हलपमेंटची बोलणी दरवर्षी निघतात आणि "गणपतीनंतर बघू"वर येऊन थांबतात, त्यामुळे बिल्डिंग अजून बरीच वर्षं उभी राहणार हे धरून चाललोय. मध्यंतरी भरदुपारी एक अनोळखी माणूस "फिल्टर चेक करायचाय" म्हणत दुसऱ्या मजल्यावरच्या आजींच्या थेट स्वयंपाकघरात गेला. काही गेलं नाही, पण पुढच्या मीटिंगला व्हिडिओ डोअर फोनचा ठराव एकमताने पास झाला. एकमताने! आमच्याकडे गच्चीच्या किल्लीवरूनही मतदान होतं.

आता अडचण. रस्त्यावरून दोन पायऱ्या चढलं की पोर्च, वर गोल कोपऱ्याचा छज्जा, छज्जाच्या कपाळावर सिमेंटमध्ये उठवलेलं बिल्डिंगचं मराठी नाव. मग सागवानी दुपाखी दार, वरच्या अर्ध्यात तावदानं, पितळी कड्या. दाराच्या दोन्ही बाजूंना बारीक हिरव्या खडीचं वॉश प्लास्टर. आत मोझेकचा जिना.

ज्याला कोटेशनसाठी बोलावलं त्याने काळ्या काचेचं, टचस्क्रीनवालं आणि भोवती निळा एलईडी पट्टा असलेलं पॅनेल दाखवलं. ते उजवीकडच्या खांबात खाच मारून बसवायचं म्हणे. "मॅडम, एकदम मॉडर्न लुक येईल." मला नेमका तोच नकोय. दुसरा म्हणाला, पॅनेल साधंच घ्या, वरून हव्या त्या आकाराची पितळी प्लेट कापून मारून देतो. हे ऐकायला बरं वाटलं, पण असं करतात का? त्यात पुढे काही लफडं?

शिवाय नावं मराठीत हवीत. पहिल्याच्या डेमो स्क्रीनवर 'कुलकर्णी' टाकून पाहिलं, तर रफार भलत्याच जागी आणि वेलांटी सुटून बाजूला. बजेट दीड लाखाच्या आसपास. दार रोज दिवसभर सताड उघडं असतं, रात्री दहाला कडी लागते. आता ते दिवसाही बंद ठेवायचंय. कुणी केलंय का असं काम?

साधाभोळा

वॉचमन ठेवा. तो कुठल्याही आर्किटेक्चरला शोभतो.

ओसरी

ठेवला होता. दुपारी दोन ते चार तोही अनोळखी माणसाइतकाच गायब असायचा.

तारकाम

ताई, बाकी सगळं नंतर, आधी ती खांबातली खाच थांबवा. प्लास्टरमागे आरसीसी कॉलम असेल तर त्याला हात लावायचा नाही. आजच्या आयएस ४५६ कोडप्रमाणे (काँक्रीट बांधकामाचं भारतीय मानक) कॉलमच्या सळईवर ४० मिमी काँक्रीटचं कव्हर लागतं. साठीच्या दशकातल्या बांधकामात ते त्याहून कमी निघालं तर नवल नाही. भिंतीत पुरायचा फ्लश डबा ५०-६० मिमी खोल. म्हणजे ग्राइंडर सरळ सळयांभोवतीच्या रिंगांवर. तिथून पावसाचं पाणी शिरलं की सळई गंजून फुगते आणि कॉलमला उभी चीर जाते. तुमची बिल्डिंग तिशीच्या कधीच पुढे गेलीय, स्ट्रक्चरल ऑडिट झालंच असेल. त्या इंजिनियरला एक फोन करा, दाराच्या कुठल्या बाजूला कॉलम आणि कुठे नुसती विटांची भिंत ते तो सांगेल.

आता पितळी प्लेट. वरून पत्रा ठोकणं हा शुद्ध जुगाड आहे. कारणं सांगतो, म्हणजे दुकानदाराशी बोलता येईल. एक तर कार्ड रीडर. टॅग (दार उघडायचं कार्ड) १३.५६ मेगाहर्ट्झवर चालतो, त्याच्यासमोर धातूचा पत्रा आला की तो मुका होतो. त्या जागी प्लेटला खिडकी कापून अॅक्रिलिक किंवा नायलॉनचा तुकडा बसवावा लागतो. दुसरं, माइक. प्लेट आणि मूळ पॅनेल यांच्यात फट राहिली की स्पीकरचा आवाज त्याच फटीतून माइकमध्ये परत येतो, वरच्या माणसाला स्वतःचंच बोलणं ऐकू येतं, कधी शिट्टी वाजते. माइकच्या भोकाभोवती रबराचं गॅस्केट प्लेटला चिकटून बसलं पाहिजे. कॅमेऱ्याचंही तेच. लेन्ससमोर शोभेची काच लावलीत की रात्री आयआर दिव्यांचा (डोळ्यांना न दिसणारा) उजेड त्या काचेवरून उलटा लेन्समध्ये जातो आणि चित्र पांढरंफटक. आणि मूळ पॅनेललाच भोकं पाडली तर त्याचं धूळ-पाणी रोखण्याचं आयपी ६५ रेटिंग आणि वॉरंटी दोन्हींना रामराम.

मग काय करायचं? मॉड्यूलर सिस्टीम घ्या. कॅमेरा, स्पीकर, बटणं, कार्ड रीडर असे सुटे ठोकळे मिळतात, ते हव्या त्या क्रमाने एका फ्रेममध्ये बसतात. फर्मॅक्स, कोमेलिट, टूएन वगैरेंच्या रेंजमध्ये हा प्रकार आहे. काहींमध्ये नुसतं किट मिळतं, म्हणजे बाहेरचं तोंड नसलेला ऐवज, जो तुमच्या प्लेटच्या मागून बसवायचा असतो. तेच मागा. प्लेट त्या किटच्या ड्रॉइंगवरून लेझरने कापायची, किटवर अंदाजाने मारायची नाही.

नेरुळचा_वारा

वर म्हटलंय त्याला अनुमोदन. मटेरियलबद्दल थोडं. आम्ही नेरुळला खाडीच्या अंगाला राहतो. गेटवर ३०४ ग्रेडच्या स्टीलचं पॅनेल होतं, दुसऱ्या पावसाळ्यातच त्यावर चहा सांडल्यासारखे तपकिरी ओघळ. इकडे ३१६ च घ्यावं, त्यात मॉलिब्डेनम असतं, खारी हवा सोसतं. नौपाड्यात ३०४ पुरे. पितळी रंगच हवा असेल तर स्टीलवर पीव्हीडी कोटिंग (निर्वात यंत्रात चढवलेला पातळ, टणक थर) करून मिळतं, पितळेसारखं दिसतं आणि काळं पडत नाही.

खऱ्या पितळेचं म्हणाल तर लॅकर मारलेलं घेऊ नका, लॅकर पापुद्र्यांनी सुटतं आणि त्यातून चट्टे पडतात. बिनलॅकरचं घेतलंत तर सोसायटीतली कुणीतरी हौशी मावशी दर दिवाळीला पितांबरी घेऊन उभी राहणार (शेवटी ठाण्याचंच प्रॉडक्ट!) आणि ती पावडर माइकच्या भोकांत जाऊन बसणार.

ओसरी

ती मावशी तिसऱ्या मजल्यावर राहते. दाराच्या कड्या आज सोन्यासारख्या आहेत त्या तिच्यामुळेच. तिला थांबवणं माझ्या हातात नाही, तेव्हा पीव्हीडी.

इंजिनियरशी बोलले. उजवीकडे कॉलमच आहे. डावीकडे नऊ इंची विटांची भिंत, तिच्यामागे जिन्याखालची जागा, जिथे मीटर आणि लेटर बॉक्स आहेत. पण डावीकडे फोडायलाही जीव होत नाही. हिरव्या खडीचं ते प्लास्टर आता कोणी करत नाही, आणि पूर्वी नळासाठी फोडलेला एक पॅच मागच्या बाजूला आहे तो वीतभर लांबूनही ओळखू येतो.

पागोळी

मी आर्किटेक्ट आहे, पाचपाखाडीत ऑफिस आहे, जाता-येता असली दारं बघत असते. तुम्ही सगळे पॅनेलबद्दल बोलताय. मला लेटर बॉक्स दिसतोय.

दार दिवसा बंद राहणार म्हणता. मग पोस्टमन काय करणार? कुरिअरवाला बेल वाजवेल, पोस्टमन बारा घरांसाठी थांबणार नाही. म्हणजे लेटर बॉक्स तसेही पोर्चमध्ये आणावे लागणार. युरोपात इंटरकॉम आणि टपालपेट्या एकाच कपाटात करण्याची पद्धत जुनी आहे. तुम्हीही डाव्या भिंतीवर सागवानी चौकटीचं एकच कपाट करा: खाली बारा खण, वर किंवा बाजूच्या उभ्या पट्ट्यात इंटरकॉमची प्लेट. खणांसाठी १२०-१५० मिमी खोली लागतेच, त्यात इंटरकॉमचा सगळा पसारा मावतो. भिंत फोडायची नाही. कपाट टांगायला चार-सहा अँकर आणि मागून वायर आत न्यायला एक २५ मिमीचं भोक, तेही कपाटाआड झाकलेलं. दाराच्या चौकटीची जी कोरीव पट्टी असेल तीच कपाटाला फिरवा. दाराच्या मधल्या आडव्या पट्टीची उंची आणि कपाटातल्या एखाद्या आडव्या रेषेची उंची जुळवा. एवढं केलं की ते पहिल्यापासून तिथेच होतं असं वाटेल. नक्षीबिक्षी काही नको.

प्लेट बिजागरीवर किंवा चार स्क्रूंवर सुटी ठेवा. इलेक्ट्रॉनिक्स सागवानाच्या आधी मरणार. मॉडेल बंद झालं की फक्त प्लेट नवी कापायची, कपाट तसंच.

उंचीबद्दल: बटणं जमिनीपासून १२०० मिमीच्या वर नेऊ नका, व्हीलचेअरवरून किंवा शाळेतल्या मुलाचा हात पोहोचला पाहिजे. कॅमेरा १५०० च्या आसपास. सुट्या मॉड्यूलचा खरा फायदा इथे आहे, तयार पॅनेलमध्ये दोन्ही एकत्र असतात आणि कशाची तरी उंची चुकते. तुमचं तोंड कुठल्या दिशेला?

ओसरी

पश्चिमेला. संध्याकाळी पोर्चसमोरचा रस्ता तळपत असतो.

पागोळी

मग येणाऱ्याच्या पाठीमागे ऊन, चेहरा काळा. डब्ल्यूडीआर (मागे ऊन असलं तरी चेहरा दिसू देणारी सोय) असलेला कॅमेरा मागा आणि छज्जाच्या तळाला एक साधा पिवळसर दिवा लावा, प्रकाश येणाऱ्याच्या तोंडावर पडेल असा. निळ्या पट्ट्याची हौस त्यात भागेल.

पाचपाखाडीचे_आजोबा

आमच्या सोसायटीत गेल्या वर्षी असला फोन बसवला, त्याबद्दल दोन शब्द. तो मोबाइलवर वाजतो. मोबाइल चार्जिंगला आतल्या खोलीत, मी बाहेरच्या खोलीत, आणि मुलगा बंगळुरूहून दार उघडतो. कोणाला उघडलं हे मला कळत नाही. ज्या घरात म्हातारी माणसं आहेत तिथे भिंतीवर रिसीव्हरवाला फोन असूच द्या. नावांचंही सांगतो. एकट्या राहणाऱ्या बायकांनी नाव लावायला नकार दिला आणि ते बरोबरच होतं. आकडे कोरून घ्या, नाव ज्याचं त्याने ठरवावं.

तारकाम

आजोबा पटलं. बारा घरं म्हणजे टू-वायर सिस्टीम उत्तम: वीज, आवाज, चित्र सगळं एकाच जोडीवरून, जिन्यातून एकच बारीक केसिंग वर जाईल. आयपीवाली, म्हणजे कॉम्प्युटर नेटवर्कवर चालणारी, घेतलीत तर घरोघरी कॅट-६ केबल आणि खाली स्विच, मोझेकच्या जिन्यात तेवढी पट्ट्यांची गर्दी नको. मोबाइल अॅपची सोय गेटवे (सिस्टीम इंटरनेटला जोडणारा डबा) लावून हवी त्या घराला वेगळी देता येते.

नावांसाठी स्क्रीनच नको. 'कुलकर्णी'चा रफार नीट बसायला त्या यंत्रात देवनागरीची जोडाक्षरं जुळवणारं सॉफ्टवेअर लागतं, स्वस्त पॅनेलमध्ये ते नसतं. बारा घरांना बारा बटणं. देवनागरी आकडा प्लेटवर कोरलेला, शेजारी अॅक्रिलिकच्या मागे सरकवायची पट्टी. भाडेकरू बदलला की पट्टी बदला.

कुलपाचं मात्र कोणी बोललंच नाही. जिना एकच आहे, त्यामुळे आतून दार वीज असो-नसो उघडलंच पाहिजे. मॅग्नेटिक लॉक वीज गेली की सुटतो, ते आगीच्या वेळी चांगलं, पण महावितरणने दिवे घालवले की दार उघडं. त्याला १२ व्होल्टचा बॅटरी बॅकअप लागतो. बाहेर पडायचं बटण थेट लॉकची वीज तोडणारं असावं, कंट्रोलरच्या मर्जीवर नाही. शिवाय त्या लॉकचा अॅल्युमिनियमचा ठोकळा तावदानांतून दिसत राहतो. इलेक्ट्रिक स्ट्राइक (कुलपाची जीभ अडकते ती विजेने सुटणारी खाच) लपतो, वीज गेली तरी बंदच राहणारा मिळतो आणि आतून हँडलने उघडतो. दुपाखी दारात तो न हलणाऱ्या पाखात बसतो, ते पाख वर-खाली टॉवर बोल्टने पक्कं हवं. अट एकच: सागवान पावसाळ्यात फुगतं. दार स्ट्राइकवर दाबून बसलं की कुलूप सुटत नाही. सुताराकडून आत्ता जुलैतच दार बघून घ्या, मे महिन्यात मापं घेऊ नका.

ओसरी

एवढं सगळं कुठल्याच कोटेशनवाल्याने सांगितलं नव्हतं, खूप आभार. कमिटीपुढे पुढचं ठेवतेय: डाव्या भिंतीवर सागवानी कपाट, टपालपेट्यांसकट, पीव्हीडी प्लेट, बारा बटणं, देवनागरी आकडे, टू-वायर, प्रत्येक घरात भिंतीवरचा फोन, इलेक्ट्रिक स्ट्राइक, छज्जाखाली दिवा. कपाटाचा खर्च धरला तर दीड लाखाच्या वर जाईल, ते सदस्य कुरकुरत देतील.

एक राहिलं. पोर्च उथळ आहे, तिरका पाऊस आला की डाव्या भिंतीचा खालचा भाग भिजतो. सागवान टिकेल ना?

पागोळी

टिकेल, पण कपाटाचा तळ जमिनीपासून दीड-दोन फूट वर ठेवा आणि भिंतीपासून अर्धा इंच सोडून टांगा, म्हणजे मागे हवा खेळेल. वरच्या फळीला पुढे उतार द्या आणि पुढच्या कडेला खालून एक खोबण पाडा, थेंब तिथेच तुटतो, प्लेटवर ओघळत नाही. वायरचं भोक आतून बाहेरच्या दिशेला उतरतं पाडायला सांगा. हे सुताराला आणि वायरमनला वेगवेगळं नाही, दोघांना एकत्र उभं करून सांगा.