रॉडवर जपान, बॉक्सवर चायना, मग रॉड खरा बनतो कुठे?

गरवैय्या
मंडळी एक शंका आहे, डोक्यातून जातच नाहीये. मासे गरवायला नवीन स्पिनिंग रॉड घ्यायचाय, एक आवडलाय पण, हातात धरून बघितला, तोल मस्त आहे. कंपनी जपानी, हँडलच्या वर सोनेरी अक्षरात डिझाइन्ड इन जपान, आणि बॉक्सच्या तळाला बारीक स्टिकर, मेड इन चायना. विकणारा म्हणतो कार्बन जपानचा आहे, तोरे कंपनीचा, म्हणजे रॉड जपानीच धरा. असं कसं धरायचं? आणि कायद्याने रॉडवर नक्की काय लिहावं लागतं? ज्यांना माहितीये त्यांनी जरा सविस्तर सांगा, घाई नाही.

ब्लँकवेडा
चांगला प्रश्न आहे भाऊ, हे सगळ्यांनाच माहिती पाहिजे.

आधी रॉड बनतो कसा ते बघा म्हणजे गोंधळ कमी होईल. रेझिन भरलेलं कार्बनचं कापड येतं, त्याला प्रीप्रेग म्हणतात. ते पॅटर्नप्रमाणे तिरकं कापायचं, निमुळत्या स्टीलच्या सळईवर म्हणजे मँड्रेलवर दाबून गुंडाळायचं, वरून टेप ताणून बांधायची, भट्टीत भाजायचं आणि थंड झालं की सळई ओढून काढायची. उरतो तो ब्लँक, रॉडचा जीव त्यातच. मग घासकाम, रंग, दोऱ्याने गाइड म्हणजे दोरी जायच्या कड्या बांधणं, त्यावर इपॉक्सीचा थर, रील बसवायची जागा म्हणजे रीलसीट, कॉर्क किंवा ईव्हीए फोमची मूठ. यातलं बरंचसं काम अजून माणसाच्या हातानेच होतं, त्यामुळे हा धंदा मजुरीच्या मागे मागे फिरत आलाय, आधी जपान, मग कोरिया आणि तैवान, मग चीन.

आज चीनमध्ये शांडोंग प्रांतात वेहाई म्हणून बंदराचं शहर आहे, रॉड बनवणाऱ्यांची तिथं अख्खी वसाहतच आहे म्हणा ना. तिथला ग्वांगवेई ग्रुप रॉड बनवता बनवता स्वतःच कार्बन फायबर बनवायला लागला. असे कारखाने स्वतःच्या नावाने विकतात आणि दुसऱ्यांच्या नावानेही बनवून देतात, एकाच छपराखाली चार देशांच्या ब्रँडचे रॉड बाहेर पडतात. ब्रँड फक्त मँड्रेलचा आकार, कापडाचा दर्जा आणि तपासणी किती कडक हवी ते ठरवतो. (काही ब्रँड तेही ठरवत नाहीत, कॅटलॉगमधला तयार ब्लँक उचलतात आणि त्यावर आपला रंग चढवतात.)

म्हणून कंपनी कुठली आणि रॉड कुठला हे दोन वेगळे प्रश्न आहेत. जपानी शिमानो कंपनीचं हेड ऑफिस ओसाकाजवळ साकाईला, पण त्यांचे स्वस्तातले रील मलेशियाहून येतात आणि वरच्या दर्जाचा स्टेला रील जपानमध्ये बनतो. दायवा या दुसऱ्या जपानी कंपनीचा कारखाना व्हिएतनाममध्ये दा नांगला आहे. अमेरिकेतल्या सेंट क्रॉई कंपनीचे वरच्या रेंजचे रॉड विस्कॉन्सिनमध्ये पार्क फॉल्सला बनतात, खालच्या रेंजचे मेक्सिकोत फ्रेस्निलोला, आणि ते हे लपवत नाहीत. मला तरी हीच पद्धत पटते.

सागरपुत्र_७
एवढा विचार कशाला करताय राव. रॉड वाकवून बघा, गाइड सरळ रेषेत आहेत का बघा, आवडला तर घ्या. मासा काय लेबल वाचत नाही.

गरवैय्या
@सागरपुत्र_७ मासा नाही वाचत दादा पण पैसे मी देतोय ना. चिनी असण्याला माझी हरकत नाहीच, जपान एवढं मोठं आणि चायना एवढं बारीक का, ते खटकतंय.

आयात_निर्यात
मी याच लाइनमध्ये आहे, कायद्याचं जेवढं पक्कं माहितीये तेवढं सांगतो.

सगळ्या जगाला एक नियम नाही. अमेरिकेत 1930 च्या टॅरिफ ॲक्टच्या कलम 304 प्रमाणे बाहेरून आलेल्या मालावर मूळ देश लिहावाच लागतो, तोही शेवटच्या गिऱ्हाइकाला वाचता येईल असा आणि मालाच्या स्वरूपाप्रमाणे जेवढा टिकेल तेवढा टिकणारा. आता तुमच्या मुद्द्याचं, त्यांच्या कस्टमच्या नियमांत असंही आहे की मालावर दुसऱ्या देशाचं किंवा गावाचं नाव आलं आणि त्याने गिऱ्हाइकाची दिशाभूल होण्यासारखं असेल, तर खरा देश त्या नावाच्या जवळच आणि निदान तेवढ्याच आकारात छापायचा. म्हणजे वर सोनेरी जपान आणि तळाला मुंगीएवढं चायना हा प्रकार तिथं अडचणीत येऊ शकतो.

युरोपियन युनियनमध्ये मात्र रॉडसारख्या मालावर मूळ देश लिहायची सरसकट सक्ती नाही. उत्पादकाचं नाव, पत्ता लागतो, बाहेरचा माल असेल तर आयात करणाऱ्याचाही. जर्मन पत्ता दिसला की लोक जर्मन रॉड समजतात, तो बऱ्याचदा नुसता आयातदाराचा असतो. तिथं देश लिहिलाच नसेल तर गुन्हा नाही, खोटा लिहिला तर आहे.

मूळ देश ठरवताना सर्वसाधारणपणे बघतात की मालाचं रूप खऱ्या अर्थाने शेवटचं कुठे बदललं. कापडाचा ब्लँक होणं हा मोठा बदल, कुणीही मान्य करेल. पण तयार ब्लँक आणून नुसते गाइड आणि मूठ बसवली तर? वाद तिथेच होतो. मेड इन यूएसए लिहायचं असेल तर त्यांच्या फेडरल ट्रेड कमिशनची कसोटी फार कडक आहे, माल सगळा किंवा जवळपास सगळा तिथलाच पाहिजे, आणि 2021 पासून त्याचा स्वतंत्र नियम आहे, मोडला तर दंड. परदेशी ब्लँकवर अमेरिकेत दोरा गुंडाळून तो शिक्का मारता येत नाही, असेंबल्ड म्हणून आयात भागांचा उल्लेख करावा लागतो. आणि डिझाइन्ड इन लिहिलंय म्हणून मूळ देश बदलत नाही, कागदपत्रं चीनची तर माल चीनचाच.

गरवैय्या
हे फारच कामाचं सांगितलंत, मनापासून आभार. मग तो तोरे कार्बनचा मुद्दा राहिला, कार्बन जपानी असेल तर काहीच फरक पडत नाही का?

ब्लँकवेडा
दर्जाला फरक पडतो, मूळ देशाला नाही. आणि तोरे जपानी कंपनी असली तरी कार्बन फायबरचे कारखाने जपानातल्या एहिमेसोबत अमेरिकेत अलाबामात, फ्रान्समध्ये, कोरियात पण आहेत, मग तोरे म्हणजे जपानमध्ये बनलेला धागा हेसुद्धा गृहीत धरता येत नाही.

24 टन, 30 टन, 40 टन लिहितात तो धाग्याचा ताठपणा असतो, मॉड्युलस. पण ब्लँकमध्ये 40 टनवालं कापड किती आणि साधं किती ते कुणी छापत नाही, एक पट्टी घातली तरी 40 टन लिहून मोकळे. आयएम 6, आयएम 7 ही नावं तर हेक्सेल कंपनीच्या धाग्यांची आहेत, रॉडवाले ती कशावरही चिकटवत आलेत. लेबलावरच्या देशापेक्षा मला या आकड्यांचा जास्त राग येतो, कारण देश निदान कस्टमच्या कागदावर सापडतो, हे तपासायचं कुठे?

कच्च्या मालाचं म्हणाल तर हे फार जुनं आहे. अमेरिका, इंग्लंडचे ते नावाजलेले बांबूचे रॉड होते ना, षटकोनी, पट्ट्या चिकटवून केलेले, त्यातला उत्तम बांबू टोंकिन, तो चीनमधल्या ग्वांगडोंग प्रांतातला. 1950 मध्ये अमेरिकेने चीनशी व्यापार बंद केला तेव्हा साठा नसलेल्या कारागिरांचे हाल झाले आणि तोवर फायबरग्लास आलाच होता. पण त्या रॉडला चिनी कुणी म्हटलं नाही, कारण पट्ट्या तासणं, चिकटवणं, सगळी कारागिरी तिकडची होती. तोच न्याय उलटा लावा, धागा जपानचा आणि कारागिरी वेहाईची, तर रॉड वेहाईचा. आणि त्या कारागिरांचं नाव झाकायचं कशाला, चांगलं काम करतात ते.

आयात_निर्यात
+१, शेवटचं वाक्य शंभर टक्के.
अजून एक, अमेरिकेत जहाजाने येणाऱ्या मालाच्या नोंदी बऱ्याच प्रमाणात सार्वजनिक असतात, ब्रँडचं नाव टाकून शोधलं तर पाठवणारा कारखाना कधीकधी सापडतो. सगळ्यांचा नाही, काही कंपन्या नाव गुप्त ठेवायला अर्ज करतात.

सागरपुत्र_७
बरं मग आता माझं पण ऐका. घेण्याआधी कंपनीला सरळ मेल टाका, या मॉडेलचा ब्लँक कुठे गुंडाळला आणि टॉपचा तुकडा तुटला तर नुसता तुकडा मिळतो का. दोन्हीची सरळ उत्तरं आली तर बिनधास्त घ्या, मग तो कुठलाही असू दे. टोलवाटोलवी केली तर सोडा, दुसरे भरपूर आहेत.

गरवैय्या
मेल टाकलाय आत्ताच. उत्तर आलं की इथंच चिकटवतो, तोपर्यंत रॉड घेत नाही.