मैद्याचा कप वेगळा, साखरेचा वेगळा

ताई, २५० ग्रॅम मैदा म्हणजे एक कप असं तुम्हाला कुणी सांगितलं असलं, तरी तसं करू नका. २४० मिलीच्या कपात चाळून, चमच्याने अलगद भरलेला मैदा जेमतेम १२० ग्रॅम बसतो, म्हणजे दोन कपांहून थोडा जास्त लागेल. डब्यात कप खुपसून दाबून भरला तर तोच १४०-१५० वर जातो आणि केक कोरडा होतो. साखर मात्र कपाला २०० ग्रॅम, लोणी २२५ च्या आसपास.

आमच्या लातूरला दिवाळीत नानकटाईचं सामान घेऊन बेकरीत जायचो, तिथे सगळं काट्यावर तोलूनच. घरी वाटीनेच करायचं तर शेवटपर्यंत एकच वाटी धरा, आणि आधी ती पाण्याने मोजून घ्या. आपल्या स्टीलच्या वाट्या १५० मिलीच्याही असतात.